पुढच्या ट्रकची चाकोरी

"मोठे काका, सैन्यात असताना तुमची सगळ्यात जास्त टरकली कधी?"

विचारून दाखव, अशी तिच्याशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैजच लावली होती. आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून बाईसाहेबांच्या अंगात वारं शिरायला तेवढं पुरायचं. काका शाळेतून घरी आणत असताना तिने गाडीतच प्रश्न टाकला आणि खुशीत पाय हलवत बसली.

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सैन्यात ट्रक चालवायचे, आता निवृत्त. घरात त्या दिवसांचा विषय निघाला की आई हळूच दुसरं काहीतरी काढायची.

"टरकली? रोजच!" काका हसले. "रस्त्यात सुरुंग पेरलेले असायचे. पुढचा ट्रक गेला की त्याच्याच चाकोरीत आपली चाकं घालायची. वीतभरही इकडेतिकडे नाही."

"अय्या! आणि आमच्या बाई तर म्हणतात, चाकोरीबाहेर पडा!"

"बाईंना म्हणावं, आधी तुम्ही पडा."

ती खो खो हसली. "मग पडलं का कोणी?"

काकांचं हसू विझलं. "एकदा. माझ्या मागचा."

गाडी खोदकाम चाललेल्या कच्च्या रस्त्याला लागली. चिखलात चाकांच्या दोनच खोल रेघा. समोरून खडीचा ट्रक आला, मागे टेम्पो येऊन चिकटला. बाजूला गवताची मोकळी पट्टी होती, गाडी तिच्यावर घेतली की झालं. काका घेईनात.

"काका, घ्या ना बाजूला."

स्टिअरिंगवरची बोटं पांढरीफटक. मानेवरून घामाच्या धारा. ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. कुठून अवदसा आठवली आणि विचारलं! तिने दार उघडलं.

"उतरू नकोस! गवतावर पाय ठेवू नकोस!"

असा आवाज तिने काकांचा कधी ऐकला नव्हता. गवताखाली मातीच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने एक पाय टेकवला. मग दुसरा. गाडीच्या पुढे जाऊन, काकांकडे तोंड करून ती गवतावरून उलटी चालू लागली.

"काका, माझ्याकडे बघा. मी चालले तिथूनच या. सावकाश."

चाक इंचभर वळलं. थांबलं. पुन्हा वळलं. गाडी गवतावर चढली.

"काय आजोबा, झोपलात का?" ट्रकवाला जाता जाता ओरडला.

"तुम्ही निघा हो गुमान!" ती त्याच्यावर खेकसली आणि मग तिलाच रडू फुटलं.

काकांनी इंजिन बंद केलं. हात मांडीखाली दाबले. "पहिल्यांदा नाही झालं हे. घरी सांगू नकोस, शहाणे. किल्ली काढून घेतील."

"आणि उद्या मधल्या रस्त्यात असं झालं तर?"

"डॉक्टरच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय मी. आत पाऊलच पडत नाही."

"मग एकटे कशाला जाता?"

त्यांनी नाक शिंकरलं. "बरं, सांग. पण तूच सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही."

गाडी तिथेच सोडून दोघं चालत घरी आली.

"गाडी कुठाय?" बाबांनी दारातच विचारलं. काका बुटांची नाडी सोडत बसले.

"गवतावर आहे, धडधाकट. तुम्ही जाऊन घेऊन या," ती म्हणाली. "आई, विषय बदलू नकोस हं. काकांना गाडी चालवताना फार भीती दाटून येते. ते डॉक्टरकडे जाणार आहेत आणि मी बरोबर जाणार आहे. शाळा बुडाली तरी."