पट्टीखालचं लाकूड

थोरलीने पलंगाखालून पेटी ओढली आणि झाकण उघडलं. आतली गिटार सत्तावीस वर्षांपूर्वी होती तशीच होती, पिठासारखी पांढरी. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वा, काय जपलीये! पण थोरलीला त्या पांढऱ्या रंगात आपलं वर्कशॉप हातातून जाताना दिसत होतं.

झालं होतं असं. तिचे बाबा गिटारींचे कारागीर. जुन्या गिटारीच्या फुटक्या अंगाला नवं लाकूड बसवायचं आणि त्यावर असा रंग चढवायचा की मालकालाही जोड सापडू नये, या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मुलं लहान असताना त्यांनी मेपलच्या एकाच फळीतून दोन इलेक्ट्रिक गिटारी बनवल्या. एक थोरलीला, एक धाकट्याला. रंग लावलाच नाही, नुसतं पातळ बिनरंगी लॅकर फवारलं. म्हणाले, "रंग मी देणार नाही. तो उजेड देतो आणि वर्षं देतात. लाकूड पिकतं, वरचं लॅकरही पिकतं. बघू कुणाची कशी पिकते ते." मुलांना तेव्हा वाटलं, बाबा काहीतरी सुंदर बोलले. बाबांना सुंदर बोलायची सवय होती, आणि त्याचा त्रास नेहमी दुसऱ्याला व्हायचा.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जेवताजेवता जाहीर केलं होतं, "तीन आठवड्यांनी, रविवारी, दोघांनी आपापली गिटार घेऊन वर्कशॉपमध्ये यायचं. जिचा रंग पिकलाय, तिच्या मालकाला मी वर्कशॉप देणार."

थोरलीला आधी वाटलं थट्टा आहे. धाकटा दुसऱ्या शहरात विमा कंपनीत होता. त्याला रंधा आणि पटाशी यातला फरक सांगावा लागला असता. आणि ती? चौदाव्या वर्षी बाबांनी तिला फवारणीच्या खोलीत उभं केलं, ती अजून तिथेच उभी होती. दिवसभर हातांना थिनर आणि लॅकर. त्या हातांनी तारांना शिवायचं नाही, हा बाबांचाच नियम. संध्याकाळी हात धुऊन होईस्तोवर अंगात वाजवायचं त्राण कुठलं उरायला? म्हणून तिची गिटार पेटीत राहिली आणि अंधारात राहिली. लाकूड मोठं सरळ असतं. त्याला उजेड मिळाला नाही की ते पिकत नाही, मग मालकीण दिवसभर त्याच्याच भावंडांची सेवा का करत असेना.

तिने धाकट्याला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी गिटार कशी आहे रे?"

"मस्त आहे की! हॉलमध्ये टांगलीये, खिडकीसमोर. लोक विचारतात, कुठून आणली म्हणून. थांब, फोटो पाठवतो."

फोटो आला. गिटार मधासारखी झाली होती. कडेला जरा गडद, मधे सोनेरी. तारा गंजून लाल झालेल्या. हा माणूस एकदाही ती खाली घेऊन बसला नव्हता, आणि खिडकीतल्या उन्हाने त्याचं सगळं काम फुकटात करून टाकलं होतं. थोरलीने फोन टेबलावर पालथा ठेवला. रडायला आलं होतं, पण रडण्यापेक्षा उपाय करणं तिच्या जास्त अंगवळणी पडलेलं होतं.

उपाय वर्कशॉपमध्येच होता. मागच्या खोलीत बाबांनी बनवलेली उजेडाची पेटी होती. लाकडी खोका, आत जांभळट प्रकाशाच्या नळ्या. नवा तुकडा जुन्या गिटारीला बसवायच्या आधी त्यात ठेवला की दोन आठवड्यांत दहा वर्षांचं ऊन खातो. थोरलीने आपली गिटार तिथे नेली. तारा उतरवल्या, बटणं काढली, तारांखालची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे पिकगार्ड, आठ स्क्रू काढून बाजूला ठेवली, आणि उघडं अंग पेटीत ठेवून झाकण लावलं. वर एक जुनी चादर टाकली. बारा दिवस पेटी घुंइंइं करत राहिली. रोज ती एकदा झाकण उचलायची. पिठाची साय झाली, सायीचं लोणी झालं. मग तिने लॅकरमध्ये चिमूटभर पिवळा घालून दोन पातळ हात फवारले, घासले, चमकवले. काम झालं तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला. फसवणूक होती, हो. पण इतकी देखणी फसवणूक त्या गावात दुसऱ्या कुणाला जमली नसती, आणि जिला जमली तिलाच ते वर्कशॉप मिळायला नको का?

रविवारी सकाळी धाकटा आला, हसतमुख, गिटार चादरीत गुंडाळून. बाबा कामाच्या टेबलामागे उंच स्टुलावर बसले होते. दोन्ही गिटारी शेजारी शेजारी ठेवल्या. बाबांनी दोन्हींच्या अंगावरून तळवा फिरवला. नाक जवळ नेऊन वास घेतला. धाकट्याला हसू आलं, थोरलीला घाम आला.

"ताई, तुझी तर माझ्यापेक्षा भारी पिकलीये!" धाकटा म्हणाला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं.

"स्क्रूड्रायव्हर दे," बाबा म्हणाले.

थोरलीने दिला. आयुष्यभर बाबांनी हात पुढे केला की त्यात हवं ते हत्यार ठेवलं होतं, तसाच दिला. आणि देताना तिला कळलं, तो कशासाठी हवाय ते.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर धाकट्याकडे दिला. "आधी तुझ्या गिटारीची पट्टी काढ. खाली काय दिसतं ते तू सांग. मी सांगितलं तर हिला वाटेल, म्हातारा पक्षपात करतोय."

धाकट्याने स्क्रू काढले. "अरे! खाली पांढरं आहे. अगदी पट्टीच्या आकाराचं. मी इथे असताना, म्हणजे लहानपणी होती ना, तशी."

"आता हिची."

धाकट्याने तिची पट्टी काढली. वाकून बघितलं. बहिणीकडे बघितलं. "हिच्या खाली... सगळीकडे सारखंच आहे. पिवळं."

"म्हणजे सत्तावीस वर्षं पट्टी न लावताच ऊन खात बसली होती," बाबा म्हणाले. "आहे बुवा कमाल!"

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. पट्टी न काढता गिटार उजेडाच्या पेटीत ठेवायची, एवढंच करायचं होतं. कुठल्याही नवख्याने आळसाने तेवढं केलं असतं, आणि नवखा सुटला असता. पण तिच्या बोटांना बाबांनीच वळण लावलं होतं. पंधराव्या वर्षी तिने एकदा पट्टी न काढता गिटार पेटीत ठेवली होती. तेव्हा बाबांनी पोलादी मोजपट्टीने तिची बोटं फोडली होती आणि बजावलं होतं, अंग पूर्ण उघडं केल्याशिवाय पेटीचं झाकण लावायचं नाही. त्यानंतर तिने ते कधी चुकवलं नव्हतं.

"तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली.

"हो. पेटी घुमायला लागली त्याच दिवशी मी मागे गेलो होतो. चादर उचलून आत हात घातला. स्क्रूची भोकं रिकामी लागली बोटाला. म्हटलं, शिकलीये पोरगी चांगली."

"पहिल्या दिवशी? मग बारा दिवस बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू?"

धाकट्याची चुळबुळ सुरू झाली. "बाबा, जाऊ द्या ना. मला नकोच आहे वर्कशॉप. मी काय करू त्याचं? विकूनच टाकावं लागेल."

"विक," बाबा शांतपणे म्हणाले.

"त्याने वाजवली नाही एकदाही!" थोरली ओरडली. "तारा बघा! नुसती भिंतीवर लटकत होती!"

"वाजवायची अट मी घातलीच नव्हती. रंगाची घातली होती."

मग मात्र थोरलीचा बांध फुटला. सहा वर्षं मूग गिळून बसली होती, ते सगळं बाहेर आलं. "आणि रंगाचं तुम्ही बोलता? तुम्हाला रंग दिसतो? मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येता! पिवळा दिसत नाही म्हणून पिवळ्यावर पिवळा चढवत बसता. शुक्रवारी तुम्ही फवारता आणि शनिवारी मी थिनरने पुसून काढते. रविवारी नव्याने करते. सहा वर्षांत तुमच्या हातची एकही गिटार या दाराबाहेर गेलेली नाही. एकही!"

बोलली, आणि तिला भीती वाटली. म्हातारा कोसळेल असं वाटलं. आता पाय धरावेत की काय, असंही एकदा मनात आलं.

बाबा कोसळले नाहीत. त्यांनी पट्टीचा एक स्क्रू उचलला आणि चिमटीत फिरवत राहिले. "माहीत आहे," ते म्हणाले. "शुक्रवारच्या लॅकरला सोमवारी इतका वास येत नसतो. डोळे गेलेत, नाक नाही गेलं."

"माहीत होतं?"

"म्हणून तर तुला देत नाहीये. तुझ्या नावावर वर्कशॉप झालं की तुझी कामं तुझ्या नावाने जातील. लोक दोन्ही शेजारी ठेवून बघतील. आणि म्हणतील, अरे, म्हाताऱ्याची म्हणून जी घेतली तीही हिचीच होती." त्यांनी स्क्रू टेबलावर ठेवला. "याने विकलं तर निदान माझं नाव माझ्यापाशी राहील."

थोरलीला राग येत नव्हता, तिला आत थंड वाटत होतं. तिने स्वतःची गिटार उचलून पेटीत ठेवली आणि कड्या लावल्या.

ती दाराशी पोचली तेव्हा बाबा मागून म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात, "ती खिडकीपाशी टांगलेली तेवढी नेहमीसारखी बघून घे. उद्या न्यायला येणारेत ते."

निर्लज्जपणाला काही सीमा असते, असं लोक म्हणतात. नसते.

थोरली वळली. खिडकीपाशी एका नावाजलेल्या वादकाची गिटार टांगली होती. चाळीस वर्षांची, अॅश लाकडाची, उतरत्या उन्हाच्या रंगाची. तिची कड फुटली होती. तिथे थोरलीने नवा तुकडा बसवला होता आणि शुक्रवारी बाबांनी त्यावर रंग चढवला होता. या रविवारच्या परीक्षेपायी ते शनिवारभर इथून हलले नव्हते, त्यामुळे तिला पुसायला मिळालं नव्हतं. ती जवळ गेली. तुकडा नारिंगी झाला होता. जखमेवर लावलेल्या औषधासारखा, खोलीच्या त्या टोकावरून डोळ्यांत खुपेल असा.

"कशी झालीये?" बाबांनी विचारलं.

धाकट्याने तोंड उघडलं. थोरलीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तोंड मिटलं.

"छान झालीये, बाबा," ती म्हणाली. "हिला हात लावायची गरज नाही."

बाबांची मान वर आली. "खरं सांगतेस?"

"जोड सापडत नाहीये. मलासुद्धा."

ते स्टुलावरून उतरले, टेबल धरत धरत खिडकीपाशी आले आणि त्या नारिंगी तुकड्यावरून हलकेच बोटं फिरवली. लॅकर गुळगुळीत होतं, बोटांना खोट काय कळणार? त्यांचा चेहरा उजळला. सहा वर्षांत थोरलीने तो तसा पाहिला नव्हता. "म्हणजे अजून हात आहे," ते धाकट्याला म्हणाले. "ऐकलंस ना?"

दुरुस्त झालेल्या गिटारीच्या मागच्या झाकणाआड ते पेन्सिलने सही करत. गेली काही वर्षं ती करताना ते घाईत असायचे, मान खाली घालून उरकायचे. आज त्यांनी खुर्ची मागवली, चष्मा पुसला. थोरलीने त्यांच्या हातात पेन्सिल दिली, त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली आणि पूर्ण नाव लिहून होईपर्यंत गिटार घट्ट धरून ठेवली.