घाटा निवण्याआधी

वर्षाने शिजवलेल्या ज्वारीच्या घाट्याचं पातेलं दोन फडक्यांत धरून डिंडोलीच्या घराच्या गच्चीवर आणलं. ओल्या लुगड्यावर ती पहिला गोळा टाकणार, तोच सासू भागीरथीबाई जिन्यातून वर आल्या.

"होळी पेटनी नही अजून. बिबडा कसाले थापी ऱ्हायनी?"

"आते उन्हाळामा पाऊस पडस, माय. मांगला साले देखं ना तुम्ही?"

पाहिलं होतं. गेल्या मे महिन्यात सलग पाऊस लागला आणि गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांना, ज्वारीच्या त्या पापडांना, बुरशी धरली. त्याआधीच्या वर्षीही तेच. दिवाळीनंतर पाऊस, मेमध्ये पाऊस. खात्रीचं ऊन उरलं होतं ते फेब्रुवारीचं. यंदा अक्षय्य तृतीयेला भागीरथीबाईंच्या नातीचं, धनश्रीचं लग्न होतं. रुखवतात बिबडे नसले तर धुळ्याची वराकडची मंडळी बोलणार नाहीत, फक्त एकमेकांकडे पाहतील.

पण होळीआधी बिबडे थापायचे नाहीत, हा घरातला नेम भागीरथीबाईंच्या सासूच्याही आधीचा.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शोभा हसली. ती जालन्याकडची.

"थंडीत वाळवण? वर्षाताई, मग आंब्याचं लोणचंही आत्ताच घालून टाका!"

वर्षाने वर पाहिलं नाही. पातेल्यातली वाफ कमी होत होती. घाटा निवला की चिरतो. मग तो थापला जात नाही, गुरांपुढे टाकावा लागतो. तिने हात पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला.

भागीरथीबाई खाली गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात घमेलं होतं, घमेल्यात दोन गोवऱ्या. मागे धनश्री तांब्या घेऊन आली. गोवऱ्यांवर कापूर ठेवून त्यांनी काडी ओढली. जाळ धरल्यावर भोवती पाण्याची धार फिरवली, गुळाचा खडा टाकला आणि तोंडावर पालथा हात आपटत एकच, पण खणखणीत बोंब मारली.

"व्हयनी होळी. थाप आते."

धनश्रीला हसू आवरेना.

"आजी, खरी होळी तर मार्चमध्ये आहे!"

"ती गावनी. हाई बिबडासनी."

वर्षाचा ओला हात घाट्यावर पडला. पहिला बिबडा गोल, पातळ उमटला. पदर खोचून भागीरथीबाई लुगड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

शोभा आत गेली होती. ती कठड्याशी परत आली, हातात पत्र्याचा तुकडा घेऊन.

"मावशी, विझवू नका. एक निखारा द्या. मलाही कुरडयांचे गहू भिजत घालायचेत."