पाहुण्याने कप खाली ठेवला

करक शहराजवळच्या गावात दैफल्लाने नवी बैठक बांधली, तेव्हा चोवीस गाद्या घातल्या, पितळी कॉफीदाण्या मांडल्या, आणि मग तीन महिने दारात बसून अनोळखी पाहुण्याची वाट पाहिली. ओळखीचे येत; पण त्यांना जेवू घालण्यात कसलं आलंय मोठेपण!

एका गुरुवारी सकाळी रस्त्यावर एक मालट्रक थांबला. धुळीने माखलेला, चाळिशीचा ड्रायव्हर उतरून सरळ दैफल्लाकडे आला.

"काका, तुमच्या गच्चीवर..."

"आधी कॉफी," म्हणत दैफल्लाने त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. पाहुण्याला तीन दिवस काम विचारायचं नसतं, हे आजोबांपासून चालत आलेलं. त्याने पाहुण्याला लोडाशी बसवलं, साक्षीला चार शेजारी बोलावले, आणि बकरा कापायला काढायला सांगितला. पाहुणा मध्येच तोंड उघडी, की दैफल्ला त्याच्यापुढे खजूर सरकवी. अर्धा तास घराण्याच्या दातृत्वाचं पुराण चाललं. पाहुणा सारखा दाराकडे बघत होता. बिचारा भिडस्त दिसतोय, असं दैफल्लाला वाटलं.

शेवटी पाहुण्याने भरलेला कप न पिता जमिनीवर ठेवला.

कप खाली ठेवणं म्हणजे मागणं असतं. ते पुरवल्याशिवाय पाहुणा कॉफीला ओठ लावत नाही. दैफल्लाच्या मनात आलं: मुलीचा हात मागतोय की काय? त्याने पाहुण्याच्या फाटक्या बुटांकडे चोरून पाहिलं. पण चार शेजारी टक लावून बसलेले. छाती काढून तो म्हणाला, "प्या. जे मागाल ते दिलं."

"मला गच्चीवर जाऊ द्या," पाहुणा म्हणाला. "तुमच्या टाकीचा पाइप सुटलाय. रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं, म्हणून तर थांबलो."

आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येतं, ते त्याच सकाळी आलं होतं.

दैफल्लाची बायको खदरा हे ऐकून झग्यालाच हात पुसत धावली. तिने शिडी धरली, पाहुण्याने चिंधी आणि तार गुंडाळून पाइप बसवला. टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. छतातून पाणी झिरपून कोठीतली पिठाची दोन पोती भिजून लगदा झाली होती. बाकीचं पाणी उतारावरच्या शेजाऱ्याच्या ऑलिव्हला मिळालं. तो शेजारी बैठकीत कॉफी पीत होता.

पाहुण्याला घाई होती. खदराने त्याला जेवलास का विचारलं, आणि भाकरीत लबनेचं घट्ट दही गुंडाळून हातात दिलं. ते घेऊन तो निघालासुद्धा. बकरा बचावला. न जेवता पाहुणा गेला म्हणून दैफल्ला दिवसभर घुमा बसला.

संध्याकाळी मात्र चहाच्या दुकानात त्याचा आवाज चढला. पाहुण्याने मागितलं, आपण न ऐकताच दिलं, अशी माणसं आता राहिली नाहीत, वगैरे. कुणीतरी पाहुण्याचं नाव विचारलं.

"नाव विचारणं आमच्या रीतीत बसत नाही," दैफल्ला म्हणाला.

घरी येऊन त्याने हळूच खदराला विचारलं.

"मुनीर. तफीलाचा. त्याच्याही गावात आजच पाणी येतं," ती ओलं पीठ उपसत म्हणाली. "आता ती बादली उचला."

दैफल्लाने ती उचलली.