पेलाभर माय

मित्रांनो, माझ्या कमरेभोवती खडूची एक पांढरी रेघ दिसते आहे ना? तेथून मला कापून दोन कुंड्या करावयाच्या होत्या. रेघ आहे, कुंड्या नाहीत. चेस्टनटच्या फळ्यांचे, लोखंडी कड्यांनी आवळलेले मी एक जुने पिंप आहे, आणि पिंप म्हणूनच राहणार आहे.

पिंपे घडवणाऱ्या ओरेस्तेच्या अंगणात माझा जन्म झाला. फळ्या त्याने कित्येक ऋतू उन्हापावसात सुकवल्या आणि मग विस्तवाच्या धगीवर वाकवल्या. लाकडाला वाकणे मानवत नाही. मी कुरकुरलो. ओरेस्ते कडे ठोकता ठोकता म्हणाला, "कुरकुर लेका, खुशाल कुरकुर. फुटलास तर चुलीत जाशील, टिकलास तर बेन्सींच्या माळ्यावर." मी टिकलो.

बेन्सींचे शेतघर तोस्कानातल्या एका उंच टेकाडावर आहे. इतर द्राक्षासवे तळघराच्या गारव्यात वाढतात. आमच्या विन सांतो या गोड वाइनला मात्र छपराखालचा माळा लागतो. उन्हाळ्याचा ताव आणि हिवाळ्याचा काकडा, दोन्ही सोसल्यावाचून तिला तेज चढत नाही. द्राक्षांचे घोस तुळयांना टांगून सुकवतात, जानेवारीतला तीन राजांचा सण उलटला की ते पिळतात, आणि तो दाट रस माझ्यात भरून माझे तोंड मेणाने बंद करतात. त्यानंतर वर्षानुवर्षे मला कोणी उघडत नाही. आत अमृत झाले की शिर्का, हे उघडेपर्यंत घरच्या धन्यालाही कळत नाही.

पण माझे खरे धन रस नव्हे. रस येतो आणि जातो. माझ्या तळाशी जो काळपट, गढूळ साका बसतो, त्याला हे लोक 'माय' म्हणतात. तुमच्या घरी दह्याचे विरजण राखतात ना, तसेच ते. म्हणून आम्हां पिंपांना कधी धूत नाहीत. तयार वाइन वरच्या तोंडातून नळीने हलकेच ओढून घ्यायची, मायेला धक्का लागू द्यायचा नाही, आणि तिच्यावरच नवा रस ओतायचा, हा या घराचा आचार. युद्धात परके सैनिक घरोघरची तळघरे उपसत आले, तेव्हा जोलेच्या आईने मला शेणाच्या उकिरड्यात पुरले. सैनिक नाक दाबून पुढे गेले. जोले तेव्हा एवढीशी पोर होती. आज ती या घराची वडीलधारी आहे.

मानाचे दिवसही मी पुष्कळ पाहिले. गावातील कोणतेही लग्न वा बारसे माझ्यावाचून पार पडत नसे. बदामाची कडक बिस्किटे माझ्या वाइनमध्ये बुडवून खाताना पाद्रीबाबांनाही पुढचे प्रवचन सुचत नसे. पुढे काळ पालटला. जोलेच्या भावाचा मुलगा दुच्चो याने शहरातील पाहुण्यांना वाइन चाखवण्याचा उद्योग आरंभला, आणि माळ्यावरची माझी भावंडे एकेक करून खाली उतरली. आज त्यांच्यात जिरेनियमची फुले डुलतात. फुलांशी माझे वैर नाही. परंतु माय आता एकट्या माझ्याच पोटात उरली होती, आणि दुच्चोची दृष्टी माझ्यावरही होती.

त्या वर्षी मला उघडण्याची वेळ भरली. आदल्या दिवशी शेजारच्या शेतावर डुक्कर कापायचे होते. सॉसेज भरायला जोलेचे हात हवेच असत. निघताना तिने बजावले, "दुच्चो, माळ्यावरच्या पिंपाला हात लावायचा नाही. उद्या मी उघडीन."

"हो गं आत्या. जा तू."

ती वळणाआड गेली आणि बोलोन्याहून दोन मैत्रिणी येऊन उतरल्या. शाळेत एका बाकावर बसलेल्या या दोघी आता सत्तरीच्या पुढे होत्या. एकीचे नाव लोरेदाना, दुसरीचे नीवेस. नवरा गेल्यापासून नीवेस घराचा उंबरा ओलांडत नव्हती. लोरेदानाने तिला जवळजवळ ओढूनच चार दिवसांच्या सहलीला आणले होते; हा त्यांचा शेवटचा मुक्काम होता.

दुच्चोला पाहुण्यांपुढे काही अपूर्व करून दाखवायचे होते. त्याने गिरमिट घेऊन माझ्या पोटाखाली भोक पाडले आणि पितळी तोटी ठोकली. मी ओरडू शकत नाही. कडी करकरली, तेवढेच.

"जुनी माणसं वरून नळीने काढतात," तो म्हणाला, "पण तोटीखाली पेला धरला की फोटो झकास येतो."

फोटो आला नाही. तोटीतून पहिली उतरली ती माय.

लोरेदानाने पेला उजेडात धरला. "काय हो, ही वाइन आहे की तुमच्या विहिरीतला गाळ?"

दुच्चोचे कान लाल झाले. "माफ करा, बाई. पिंप गेलंय हे. म्हातारं लाकूड, दुसरं काय! त्या बादलीत ओतून टाका. खाली चांगली बाटली उघडतो."

लोरेदानाने पेला बादलीत उपडा केला. नीवेसने केला नाही.

"ओत की गं," लोरेदाना म्हणाली. "पोट बिघडवून घ्यायचंय का?"

"पितेय कुठे? नुसता धरलाय."

"कशाला पण?"

"हातात दिलंय ना त्यांनी? दिलेलं मी ओतत नाही."

"लग्नात सासऱ्याने दिलेली ती कडूजहर कॉफीसुद्धा अशीच प्यायलीस. आठवतंय?"

"आठवतंय. चांगले होते बिचारे." नीवेसने पेला नाकाशी नेला. "आणि हे कुजलेलं नाहीये, लोरे. अक्रोडाच्या कपाटासारखा वास येतोय."

"झालं. आता कपाट प्यायला लागली."

त्या हसत बाहेर फिरायला गेल्या. पेला नीवेसच्या हातातच होता. इकडे दुच्चोने मला गडगडत जिना उतरवला, तोटी उपटून सारी वाइन गटारात सोडली आणि उकळते पाणी व सोडा घालून मला धुतले. मित्रांनो, इतक्या वर्षांत ते माझे पहिले स्नान. लोक स्नानाने पवित्र होतात. मी त्या स्नानाने पोरका झालो. मग खडूची रेघ ओढली गेली आणि करवत आली. मी मनाशी म्हटले, ओरेस्तेने मला फुटण्यासाठी वाकवलेले नाही. पहिल्याच ओढीला करवतीचा दात माझ्या कड्यावर मोडला. दुच्चो दुसरी करवत शोधायला वळला, तोच फडक्यात सॉसेज बांधून जोले अंगणात शिरली.

"हे काय चाललंय?"

"आत्या, खराब झाली होती गं. नुसता गाळ निघाला."

"कुठून काढलीस?"

"खालून. तोटी लावून."

"खालून," जोले म्हणाली. तिने फडके खाली ठेवले. "खाली माय असते, दुच्चो. कुठंय ती?"

त्याने गटाराकडे पाहिले. जोले लाकडे फोडायच्या ओंडक्यावर बसली. आवाज न चढवता ती म्हणाली, "बंदुका घेऊन आले होते, त्यांना नाही सापडली. तुला सापडली."

तेवढ्यात फाटकातून त्या दोघी परतल्या. नीवेसने हातातला पेला पुढे केला. "बाई, हे तुमचंच ना? ठेवू कुठे कळेना."

जोलेने पेला तिरका करून तळ पाहिला, वास घेतला. "ओतलं नाहीत तुम्ही?"

"मी तर सारखी सांगत होते ओत म्हणून," लोरेदाना म्हणाली. "हिने जन्मात माझं ऐकलं असेल तर शपथ."

"फार बरं झालं," जोले म्हणाली.

दुच्चोने घसा खाकरला. "एवढ्याशाने काय होणार, आत्या? पाकिटातलं यीस्ट आणतो. स्वच्छ, खात्रीचं. आणि हे पिंप सोड आता."

"पाव फुगवायला आंबवण किती लागतं रे? मूठभर. आणि खात्रीचं हवं असेल तर सरबत विक. हातातली करवत टाक आणि चेस्टनटची खुंटी तास. भोक तू पाडलंस, बुजवणारही तूच."

त्याने तासली. पहिली सैल झाली, दुसरी फुटली, तिसरी बसली. जोलेने मला विहिरीच्या पाण्याने सोड्याचा वास जाईपर्यंत विसळले आणि मागच्या खेपेच्या बाटलीतली जुनी वाइन आत फिरवली. दुसऱ्या दिवशी माळ्यावर सुकलेली द्राक्षे पिळली. त्या दोघींचे परतीचे तिकीट त्याच सकाळचे होते. नीवेस म्हणाली, "मी राहतेय," आणि लोरेदाना कुरकुरत घोस खुडायला बसली. सर्वांत आधी नीवेसच्या हाताने तो पेला माझ्यात रिता झाला, त्यावर रस आला, आणि तोंडावरच्या कोमट मेणावर तिने अंगठा दाबला.

"हे उघडेल तेव्हा आपण किती म्हाताऱ्या असू, कल्पना आहे?" लोरेदानाने विचारले.

"न थांबलो तरी तितक्याच असू."

उरलेला हिवाळाभर मी मुका राहिलो. दुच्चो येता-जाता मला टकटक करी आणि म्हणे, "मेलंय." पेलाभर मायेला पिंपभर रस उठवायचा होता; तिला घाई परवडणारी नव्हती. वसंतात कौले तापू लागली आणि एका दुपारी माझ्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव सुरू झाला. आधी दुच्चोनेच ऐकला. त्याने कान लावला, काढला, पुन्हा लावला, आणि खाली जाऊन तो आत्याला म्हणाला, "वर ये. बोलतंय."

जोलेने बोलोन्याला फोन लावला आणि तो माझ्या अंगाशी धरला.

"ऐकू येतंय का, नीवेस?"

"येतंय. लोरेदानाला सांगू नका इतक्यात. म्हणेल, मीच नेलं होतं हिला."

मित्रांनो, जुन्या भांड्याच्या तळाशी काही गढूळ दिसले, तर ते ओतण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकवार विचारा. ज्याला तुम्ही गाळ समजता, त्याच्या जिवावर कदाचित त्या घराच्या चार पिढ्या गोड झाल्या असतील. एवढेच माझे मागणे. दयेची याचना मात्र मी करीत नाही. खडूची रेघ पुसायला जोले आली होती. मला वाटते माझ्या मनातले तिला कळले असावे, कारण फडके तसेच घेऊन ती परत गेली. रेघ राहू दे. आत काय झाले आहे, अमृत की शिर्का, ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. मेणावर ज्या अंगठ्याचा ठसा आहे, तो अंगठा येईल, तेव्हाच मी तोंड उघडीन. तोवर तोटी घेऊन कोणी जिना चढू नये.