सामना संपेपर्यंत

महानंदा मॅडमनी मैदानाच्या कडेला उकिडवं बसून बोटानेच इशारा केला. डावा कोपरा. समोरच्या संघातली तिथली मुलगी लंगडत होती. तिला नुसता हात लागला असता तरी माळशिरसच्या मुली जिंकल्या असत्या. गुण सारखे होते, चढाई शेवटची होती, आणि चढाईला ऋतुजा होती.

"कबड्डी, कबड्डी..."

ती लंगडी मुलगी अगदी हाताच्या अंतरावर आली. ऋतुजाने तिच्याकडे पाहिलं आणि तशीच मागे सरकत मध्यरेषेवर परतली. रिकामी.

सोलापूरच्या त्या मैदानावर सामना बरोबरीत सुटला. मग निकालासाठी पंचांनी पाच-पाच चढायांची शिट्टी दिली.

मॅडमची नजर फाटकाकडे गेली. ऋतुजाचा चुलता धनाजी तिथे गाडीला टेकून उभा होता. पहाटे दवाखान्यात ऋतुजाचे वडील वारले होते.

"तिला आत्ता सांगू नका, खेळू द्या," सकाळी येऊन धनाजीच म्हणाला होता. "दादाची लई इच्छा हुती. तवर आमी माती थांबवतो."

मॅडमनी लगेच होकार दिला होता. इतक्या लगेच द्यायला नको होता, असं त्यांना आता वाटत होतं.

पाच चढायांत माळशिरस एका गुणाने हरलं. कर्णधार अंकिता डोळे पुसत आली.

"तिला बोलू नका, मॅडम. लई टेन्शन आलं आसंल."

ऋतुजा जमिनीवर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. मॅडम तिच्याजवळ टेकल्या.

"ऋतुजा, काका आलेत. घरी जायचंय."

"आप्पा गेलं न्हवं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. सकाळी तुमी फोन काढून घेतला, त्यो माझ्या एकटीचाच."

"मग बोलली का नाहीस? खेळलीस कशाला?"

ऋतुजाने पट्टी गुंडाळली, पुन्हा उलगडली.

"मॅच चालू हाय तवर कुणी सांगणार न्हवतं की."

मॅडमनी तिच्या केसांतली माती झटकली. बराच वेळ झटकत राहिल्या. मग तिला धरून गाडीपाशी नेलं. अंकिताला त्यांनी काही सांगितलं नाही.

धनाजीने गाडी चालू केली. ऋतुजा दाराला धरून तशीच उभी राहिली.

"काका, जरा थांबायचं का?"

धनाजीने मॅडमकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिकडे अंत्यविधीसाठी माणसं खोळंबली होती.

"थांबू की," तो म्हणाला, आणि त्याने गाडी बंद केली.