खोकल्यामागची घरघर

मी रेकॉर्डर बोलतोय. आयुष्यभर नुसतं ऐकलं, बोलायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विद्यापीठाच्या संगणक विभागात मला एका संशोधक मुलीने खोक्यातून बाहेर काढलं. नुसत्या खोकल्यावरून फुप्फुसाचा आजार ओळखणारा प्रोग्रॅम तिला तयार करायचा होता. विभागात तिचं नावच पडलं होतं, खोकलाबाई. प्रोग्रॅमला शिकवायला हजारो खोकले लागणार होते आणि ते गोळा करण्याचं काम माझ्या वाट्याला आलं.

आजारी माणसांचे खोकले आम्ही इस्पितळाच्या वॉर्डात घेतले. निरोगी माणसांचे प्रयोगशाळेत, दार लावून. माणसंही गमतीची. खोका म्हटलं की आधी हसतात, मग लाजतात, आणि मग इतकं हळू खोकतात की मलाच कान टवकारावे लागतात. तीन वर्षांत प्रोग्रॅम शंभरातले सत्त्याण्णव खोकले बरोबर ओळखू लागला. लेख छापून आला, तिच्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. इस्पितळानेही तो वापरायचं ठरवलं.

त्याच सुमारास तिचे वडील आले. महिनाभर खोकत होते. प्रयोगशाळेत माझ्यासमोर खोकले, आणि पडद्यावर उमटलं, 'निरोगी'.

"बघ, उगाच जीव टांगणीला लावलास," ते म्हणाले. "आता डॉक्टर नको नि काही नको."

तिनेही विश्वास ठेवला. पाच आठवड्यांनी खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा त्यांना इस्पितळात न्यावं लागलं.

वॉर्डात तिने पुन्हा त्यांचा खोकला घेतला. उत्तर आलं, 'आजारी'. तिने धडधाकट नर्सला खोकायला लावलं. 'आजारी'. मग कोणीच खोकलं नाही, मी नुसता चालू होतो. तरीही 'आजारी'. तिने हेडफोन लावून ते बिनखोकल्याचं रेकॉर्डिंग ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. प्रोग्रॅम खोकला ऐकतच नव्हता, तो वॉर्डातल्या ऑक्सिजन यंत्राची घरघर ओळखत होता. ती घरघर मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. मला सांगता आलं नाही, याची खंत कायमची राहील.

"प्रबंध सादर करायला पंधराच दिवस राहिलेत," सर म्हणाले. "हे पुढच्या कामात सुधारू."

"तोवर आणखी कुणाचे वडील घरी बसतील, सर."

तिने लेख मागे घेतला आणि इस्पितळाला कळवून टाकलं. आता आजारी असो की निरोगी, सगळ्यांना ती एकाच खोलीत बोलावते. मी जुना झालोय, बटण दोनदा दाबावं लागतं, तरी तिने मला बदललेलं नाही.

परवा वडील आले. बरेच वाळलेत. माझ्यासमोर खोकले आणि म्हणाले, "आता काय म्हणतंय तुझं मशीन? बरा आहे ना मी?"

तिने पडदा बंद केला. "त्याला नाही कळत, बाबा. मलाही नव्हतं कळत. आपण डॉक्टरांनाच विचारू."

मी चालूच होतो, त्यामुळे हेही माझ्यात उतरलंय. उद्या जागा कमी पडली तर बाकीचं खुशाल पुसा. एवढं मात्र राहू द्या.