चव्वेचाळीस डेसिबलची साक्ष

मी एक जुना आवाजमापक आहे. मित्रांनो, माझे नाव कदाचित तुमच्या कानावर आले नसेल. हातात मावेल एवढे माझे शरीर, वर बारीक मान आणि मानेवर काळ्या स्पंजचा गोळा. तोच माझा कान.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या कानावर एक डबी बसवली. तिच्यातून नेमका चौऱ्याण्णव डेसिबलचा सूर निघतो. मी चौऱ्याण्णव दाखवताच तो म्हणाला, "शाबास! आता कुणाच्या बापाला भिऊ नकोस. जे ऐकशील तेच सांग."

पुढे मी नगररचना कार्यालयात निरीक्षक बाईंच्या हाती आलो. लाकडाच्या वखारी, गाड्यांचे भोंगे, शाळेची मधली सुट्टी, सगळे मी मोजले. (मधली सुट्टी सर्वांना भारी पडली, हे आपल्यातच ठेवा.) मग आवाज मोजणारे मोबाइल आले. "आता हे धूड कोण बाळगणार?" असे म्हणून कुणीतरी मला खणात टाकले. चार वर्षे मी टाचण्यांच्या डब्याशेजारी पडून होतो. बॅटरी पाझरली, अंगावर हिरवट डाग पडले.

गावातल्या एका गल्लीत गाण्याचे एक छोटे सभागृह होते. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी सुरू केलेले, लेकीने टिकवलेले. त्या लेकीला आता सगळे मावशी म्हणत. कितीतरी गायक-वादक आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले ते तिथल्या शंभर खुर्च्यांसमोर. दोन वर्षांपूर्वी शेजारी सात मजली इमारत झाली आणि तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका राहायला आली. तिची ड्यूटी पहाटे पाचला सुरू होई, म्हणून ती संध्याकाळी आठलाच आडवी व्हायची. पण गाण्यामुळे डोळ्याला डोळा लागेना. तिने तक्रार केली. बिल्डरने मोबाइलवर आवाज मोजून नव्वद आकडा लिहून दिला. तेव्हाचा नियम सरळ होता: तक्रार खरी ठरली, की आवाज करणाऱ्याने टाळे लावायचे. मावशींना नोटीस गेली.

निरीक्षक बाई वैतागल्या. "मोबाइलच्या भरवशावर चाळीस वर्षांची जागा बंद करायची? आपला मापक कुठाय?"

त्यांनी मला शोधले, पुसले, नवी बॅटरी घातली, डबी लावली. मी चौऱ्याण्णव दाखवले. "ठणठणीत आहे की हा!" त्या म्हणाल्या. मला भरून आले.

संध्याकाळी साडेआठला सभागृहात गाणे रंगले होते. गल्लीत मी साठ मोजले. सभागृहाच्या दुसऱ्या बाजूला एका शिंप्याचे जाड भिंतींचे जुने घर होते, तिथे अठ्ठावीस. परिचारिकेच्या खोलीत, खिडकी बंद असताना, चव्वेचाळीस. बंद खिडकीचा पडदा हलत होता. बाईंनी चौकटीच्या फटीत नख घातले, ते सहज आत गेले.

"म्हणजे मी उगाच कटकट करत नव्हते ना?" परिचारिकेने विचारले.

"अजिबात नाही. एवढ्या आवाजात झोप कशी लागेल?"

मावशींच्या सभागृहाच्याही मागच्या झरोक्याची झडप मोडलेली निघाली. "ही चूक माझी," मावशी म्हणाल्या. "उद्याच सुताराला बोलावते."

सुनावणीत बिल्डर म्हणाला, "आवाज त्यांचा, मग खिडक्या आम्ही का बदलायच्या?"

बाईंनी मला टेबलावर उभे केले. "गल्लीतला आवाज दोन्ही घरांना सारखाच. जुन्या भिंतीने तो अडवला, तुमच्या खिडकीने घरात घेतला. मागून येणाऱ्याने आधीच्यालाच हुसकावायचं, हा कुठला न्याय?"

मग परिचारिका उठली. "मला गाणं बंद नकोय, मला झोप हवीय. शेजारी सभागृह आहे, हे घर देताना कुणी सांगितलंच नाही मला."

बिल्डर घड्याळाकडे पाहू लागला.

तीन महिन्यांनी नियम बदलला. गाण्याच्या जुन्या जागेशेजारी जो नवे बांधेल, त्याने आवाज अडवायची सोय करायची आणि घर घेणाऱ्याला शेजार आधी सांगायचा. जुन्या जागेनेही आपली दारे, झडपा नीट ठेवायच्या. त्या इमारतीलाही बिल्डरने दुहेरी काचा बसवल्या. आम्ही पुन्हा मोजायला गेलो. शेजारी गाणे ऐन भरात होते. एकोणतीस! बाईंनी आकडा लिहून वर पाहिले, तर परिचारिका खुर्चीतच गाढ झोपली होती. बाई चपला हातात घेऊन बाहेर पडल्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची वेळच्या वेळी निगा राखा. आम्ही तुम्हाला खरे सांगू. आणि एखादी जागा बंद करण्याआधी तिथे स्वतः जा, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ऐका. आकडा मी सांगेन, पण त्याचे काय करायचे ते तुम्हालाच ठरवावे लागते.

आज संध्याकाळी मावशींकडे एका नव्या गायिकेचे पहिलेच गाणे आहे. तक्रार कुणाचीच नाही. तरी बाईंनी मला पिशवीत घातले आहे. म्हणाल्या, "चल, आज नुसतं ऐकायचं."